करंजाखालची जागा

१० नोव्हेंबर

चि. भूपेंद्र यास,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम. सूनबाई कामिनी बरी असेल. लेक भाविका तर बरी आहेच, कारण शनिवारी तुझ्या उद्यानातलं शिबिर संपल्यावर ती माझ्याकडे येऊन डब्यातले लाडू संपवून गेली. तुझं कसं चाललंय ते विचारायची सोय नाही. तुझी गाडी रोज माझ्या फाटकावरून जाते आणि काच वर असते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तू मला काढलंस, 'आत्या सारख्या तक्रारी टाकतात' म्हणून. उभा जन्म टेलिफोन खात्यात काढून मी जिल्हाभराच्या लाइनी जोडल्या, आणि भाच्याने माझीच तोडली. म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला सांगायच्या, रागाचं पत्रही आभारांनी सुरू करावं. तेव्हा आभार. कुत्र्यांबद्दल.

आपल्या लिंबांच्या बागेचं तू बालउद्यान केलंस तेव्हापासून मुलांच्या डब्यांच्या वासाने गावभरची कुत्री तिथे गोळा व्हायची. मी लिहून लिहून थकले. तू शेवटी बंदोबस्त केलास असं दिसतंय, कारण दिवाळीनंतर एकही भुंकलेलं नाही. त्यातलं एक लंगडं काळं माझ्या ओट्यावर पोळी खायला यायचं. त्याला ठेवलं असतंस तरी चाललं असतं. पण असो, कधी नव्हे ते काम केलंस, तर नावं कशाला ठेवू.

आता तक्रारी. शिबिराला मी नावं ठेवत नाही. मुलं मातीत हात घालतात, बीजगोळे करतात, पानांचे ठसे काढतात, हे चांगलंच आहे. डोळे बांधून झाड ओळखायचा खेळही मी कुंपणावरून पाहिला. एका मुलाने आमच्या कामवाल्या लताबाईलाच मिठी मारली आणि ओरडला, "हे झाड मऊ आहे!" लताबाई दोन दिवस हसत होती. पण ते शेवटचं 'माझी जागा' प्रकरण मला पटत नाही. दिवेलागणीला एकेका मुलाला एकेका झाडाखाली लांब लांब बसवायचं, डोळे मिटायचे, बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि ऐकू येईल त्या आवाजाला एक बोट मिटायचं. तेही पश्चिमेच्या तारेच्या कुंपणाजवळ, जिथून शेजारच्या उखर्डूची केळीची बाग सुरू होते. डास किती असतात तिथे! खेळ सकाळी घे.

बाकी सगळं शांत. इतकं शांत की रात्री मला भिंतीवरच्या घड्याळाची टकटक ऐकू येते. होईल सवय.

तुझी,
आत्या


१७ नोव्हेंबर

चि. भूपेंद्र,

आशीर्वाद. तुझा निरोप कामिनीने फोनवर वाचून दाखवला. "आत्यांना सांग, वेलकम. पाठपुरावा करावा लागतो." आणि दोन दिवसांत उद्यानाच्या फाटकावर फलक लागला: 'मोकाट कुत्र्यांपासून मुक्त, सुरक्षित परिसर. मुलांनो, शांतता ऐकायला या!'

मी त्या लंगड्या काळ्याची चौकशी करायला ग्रामपंचायतीत फोन केला. म्हटलं, कुठे नेऊन सोडलीत सगळी? तिथला लीलाधर हसायलाच लागला. "आम्ही नेली? ताई, आमची कचऱ्याची गाडी ढकलून चालू करावी लागते, कुत्र्यांची गाडी कुठून आणू?" मग तुझ्या माळ्याला विचारलं. त्यानेही हात झटकले.

भूपेंद्र, तू काहीच केलेलं नाहीस. मी आभार मानले आणि तू ते घेतलेस. वर फलक लावलास.

मग मी लताबाईला गाठलं. ती सोनगीरकडची, माझ्याशी अहिराणीतच बोलते. भांडी घासता घासता म्हणाली, "अक्का, कुत्रा कोनी नेलात नही. त्यानी नेलात."

"त्यानी म्हणजे कोणी?"

"नाव लेवानं नही, अक्का. सांजनी येळ शे."

"लताबाई, मी कॉन्व्हेंटात शिकलेली आहे. मला हे असलं सांगू नकोस."

"त्याले तुमनी शाळा माहीत शे का?"

मला हसू आलं, आणि मग येईना. ती म्हणाली ते ऐक. उखर्डूची नुकतीच व्यायलेली शेळी गेली. दाव्याचा तुकडा तेवढा खुंट्याला राहिला. आता केळीत घड कापायला मजूर एकटे जातच नाहीत. चौघं-पाचजण मिळून जातात आणि मोबाइलवर गाणी मोठ्याने लावतात. मी समजत होते आजकालच्या पोरांचा शौक. पुढच्या तक्रारीत तेच लिहिणार होते.

त्या सगळ्यांना ठाऊक आहे की तिथे जाताना आवाज करत जायचं असतं. आणि तू जळगावहून बस भरून मुलं आणून त्यांना तिथेच गप्प बसायला शिकवतोस. लहानखुरी, वाकलेली, एकेकटी, डोळे मिटून. विचार करून बघ, लांबून ती कशी दिसत असतील.

परवा भाविकाला विचारलं, काय काय ऐकलंस गं? तिने बोटं पुढे केली. बसचा भोंगा, कुणाची तरी खोकल्याची उबळ, पंप. सगळं रस्त्याच्या बाजूचं. म्हणाली, "फुईआजी, केळीच्या बाजूचं एक पण बोट नाही मिटलं. आधी तिकडून साळुंक्या ओरडायच्या ना? आता कोणीच नाही बोलत."

तुला कळणार नाही म्हणून सांगते. आमच्या खात्यात दोन तऱ्हेच्या शांतता असायच्या. लाइन मेलेली असली की कानात काहीच नसतं, भिंतीला कान लावल्यासारखं. दुसरी शांतता निराळी. पलीकडे कोणीतरी रिसीव्हर उचललेला असतो, बोलत नाही, पण ऐकत असतो. नवी मुलगीसुद्धा महिन्याभरात दोन्हींतला फरक ओळखायची. केळीकडची शांतता दुसऱ्या जातीची आहे.

शिबिर घेणाऱ्या तुझ्या दिपमालाला मी हे समजावलं. पोरगी गुणी आहे, मुलांना जीव लावते. पण मला म्हणाली, "मॅडम, शांतता ही निसर्गाची भाषा आहे." मी म्हटलं, "असेल. आमच्या कॉन्व्हेंटात शांतता जेवणाआधी पाळायचे." तिला कळलं नाही. तुला कळावं.

वनखात्यालाही फोन केला. साहेब आधी नीट बोलत होते. "कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का?" विचारलं. मग माझं वय विचारलं. वय ऐकल्यावर आवाज एकदम मऊ झाला. "आजी, घरी दुसरं कोणी आहे का? त्यांना फोन करायला सांगा ना." तो फोन तू करायचा आहेस. तू केलास तर ते येतील.

आणि काहीही कर, पण करंजाखालची भाविकाची जागा बदल. का, ते विचारू नकोस.

आत्या


२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

भूपेंद्र,

आज आशीर्वाद शेवटी देईन.

तू फोन केला नाहीस. शिबिर आज आहेच, आणि कामिनी म्हणते, गेल्या वेळेपेक्षा जास्त मुलं आहेत. सकाळी मी पालकांना सांगावं म्हणून उद्यानाच्या ऑफिसात नंबर मागायला गेले. तुझा कुंदन खुर्चीतून उठला, मला पाणी दिलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "आत्या, तुम्ही घरी आराम करा. भूपेंद्रभाऊंनी सगळ्या पालकांना सांगून ठेवलंय, तुमची तब्येत बरी नसते."

असं सांगून ठेवलंस तू. बरं.

तर आता ते लिहिते, जे मागच्या पत्रात लिहिलं नाही. मागच्या वर्षी गच्चीवर चोर आहे म्हणून मी पोलिसांना बोलावलं आणि माकड निघालं. त्यावर तू मला धुळ्याला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलंस. त्याने मला कागदावर घड्याळ काढायला लावलं. मी रोमन आकड्यांचं काढलं, तर तो तुझ्याकडे बघून मान हलवायला लागला. त्या मुलाला रोमन आकडे येत नव्हते, आणि तपासणी माझी चालली होती! त्या दिवशी मी ठरवलं, की यापुढे मला काही दिसलं तरी 'दिसलं' म्हणून म्हणायचं नाही. फार तर म्हणेन, कुत्री दिसत नाहीत. फार तर म्हणेन, पाखरं बोलत नाहीत. जे नाही तेच सांगायचं. जे आहे ते नाही.

बिबट्या आहे. घे, लिहिलं. लताबाई समोर उभी आहे, तिने कानांवर हात ठेवले.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. उद्यान बंद होतं. करंजाखाली मला कुणाचं तरी विसरलेलं पोतं दिसलं. मग पोत्याने कान हलवला. तो बसला होता, भूपेंद्र. नेमका भाविकाच्या जागेवर, तिच्या चटईचा चौकोन गवतात उमटलाय तिथे. पाठ ताठ, पुढचे पाय जोडून, जराही आवाज नाही. दिपमाला मुलांना सांगते अगदी तसा. तुझ्या शिबिरातलं सगळ्यात शहाणं मूल. माझ्या हातातली पळी ओट्यावर पडली, तेव्हा त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घाई केली नाही. उठला आणि तारेखालून असा गेला, जणू ती तार तिथे नाहीच.

मला भास झाला असेल म्हणशील. मग मला सांग, तो भास उखर्डूची शेळी खातो का?

तुझी अडचण मला कळते. शिबिर बंद केलंस तर लोक विचारतील, का? आणि मग कुत्री कुठे गेली हेही विचारतील, आणि फलकाचं काय करायचं? त्यावरही उपाय आहे. सांग, की आत्याला वेड लागलंय, उद्यानात धिंगाणा घालतेय, आजचं शिबिर रद्द. सगळे विश्वास ठेवतील, तू तयारी करूनच ठेवली आहेस. कुत्रीही मीच दगड मारून हाकलली म्हण. मी कोणाकडे अवाक्षर काढणार नाही. मला वेडी ठरायचं काही वाटत नाही आता. मला खरी ठरायचं नाही.

हे पत्र लताबाई मुलांची बस यायच्या आत तुझ्या हातात देईल. तुझ्याच हातात, कुंदनच्या नाही. देऊन झाल्यावर ती थांबेल. तिला हाकलू नकोस.

आणि तरीही मुलांना उतरवलंस, तर ऐक. माझ्या आईला लग्नात आलेली सोनगीरची पितळी परात माझ्याकडे आहे. तू लहान असताना तिच्यात बसून अंघोळ करायचास आणि वरून चमच्याने बडवायचास, साऱ्या आळीला ऐकू जायची. ती घेऊन मी आज करंजाखाली बसणार आहे, केळीकडे तोंड करून. पाठ वाकडी झाल्यापासून मी भाविकाएवढीच दिसते. मुलं डोळे मिटतील तेव्हा मी परात बडवायला लागेन आणि तुमची शांतता साफ मोडेन. दिपमाला चिडेल. चिडू दे. मुलांना तिकडचंही एक बोट मिटायला मिळेल.

कुंदनला मला उठवायला पाठवू नकोस. पाठवलास तर एकट्याला नको, आणि बोलत बोलत यायला सांग.

परात वाजतेय तोवर काही काळजी नाही. पण वाजायची थांबली, तर माझ्याकडे धावू नकोस. आधी मुलांना बसमध्ये घाल. दारं लाव. डोकी मोज, भाविकाचं स्वतः हात लावून मोज. मग ये.

तू लहानपणी अंधारात पडवीत जायला घाबरायचास आणि मला आतून ओरडून विचारायचास, "फुई, तू आहेस ना?" मी ओ दिल्याशिवाय पाऊल टाकायचा नाहीस. मोठा झालास, शहरातला झालास, मग मी फुईची आत्या झाले. आज संध्याकाळी तेवढा एकदा तसा कान दे.

अनेक आशीर्वाद.

ओ देत राहणारी,
तुझी फुई