उत्तर माहीत असलेले प्रश्न

३ ऑगस्ट
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कालच्या पालकसभेनं झोप उडवली. भिंगरी बालवर्गात तोंडच उघडत नाही. बाई लाल ठोकळा दाखवून रंग विचारतात, ही त्यांच्याकडे टकमक बघत बसते. महिनाभरात बोलली नाही, तर पुढचं वर्षही याच वर्गात. घरी मात्र कान किटेपर्यंत बडबड! तुझे जावई म्हणाले, दोन वर्षं आजीच्या शिवणाच्या खोलीत वाढली, तिथे तिच्याशी बोलणार कोण? यंदा सुट्टीत तिला तिकडे पाठवायचं नाही, असंही म्हणाले. रागावू नकोस.

तुझी लेक,
बेबी


९ ऑगस्ट
चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले. एक अख्खी बाही उसवून पुन्हा शिवली, तेव्हा राग उतरला.

जावईबापूंना म्हणावं, पोरगी दिवसभर बोलायची. सुई कुठे पडली, निळं रीळ कुणी नेलं, असं मी विचारायचे. मला माहीत नसायचं, म्हणून ती सांगायची. समोर दिसतंय त्याचा रंग कोण कशाला विचारेल? तूही पहिलीत अशीच घुमी बसायचीस, विसरलीस वाटतं!

गप्प का बसतेस, हे तिलाच विचार ना. सुट्टीचं तुम्ही ठरवा. तिची उशी मात्र मी अजून काढलेली नाही.

तुम्हा दोघींवर माया आहेच, जावयांवरही.
आई


२० ऑगस्ट
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. भिंगरी म्हणाली, बाईंना सगळं येतं, तरी विचारतात. त्या मला चिडवतात. बाईंना सांगितलं, तर त्या आधी हसल्या, मग विचारात पडल्या.

परवा त्यांचा चष्मा खरोखरच हरवला. कुणी पाहिलात का, असं त्यांनी वर्गाला विचारलं. भिंगरीनं उठून सांगितलं, तुम्हाला शिंक आली तेव्हा काढलात, हिरव्या डब्यामागे आहे, लाल ठोकळ्यांजवळ. रंगांसकट! वर सल्लाही दिला, की आजीसारखा दोरीला बांधा.

आता वर्ष वाया जात नाही. पण शाळेत माहीत असलेलंही विचारतात, याची सवय तिला करावी लागेल, असं बाई म्हणाल्या. ते खरंच आहे. म्हणून हे रोज संध्याकाळी तिला रंग विचारतात. ती उसासा टाकून सांगते, आणि बाबा, आता तरी लक्षात ठेवा, असं बजावते.

सुट्टीचं तिकीट यांनीच काढलंय. उशीला ऊन दाखवून ठेव.

लोभ आहे तसाच राहू दे.
बेबी