माणसाने लॉगिन करू नये असा युजर

३ मार्च, सकाळी ९.१०
स्टोअर्सचा शिल्लक मालाचा रिपोर्ट वेळेवर आला. पाठवणाऱ्याच्या जागी हिचं नाव. जाऊन आठ महिने झाले, पण एक दिवस खाडा नाही. रिपोर्टचं वेळापत्रक तिनेच आपल्या युजरवरून लावलेलं. शेवटची ओळही तिचीच : ‘काही कमी असल्यास लगेच सांगा, मागाहून कुरकुर नको.’
ऑडिटरबाई आल्या आहेत. नोकरी सोडलेल्यांचे युजर महिनाअखेर बंद करणार म्हणे. करू देत. हिने नोकरी सोडलेली नाही.

४ मार्च
बाईंनी विचारलं, हा युजर कोणाचा? हजेरी नाही आणि रोज काम करतोय. सांगितलं, स्टोअर्सचा. खोटं नाही.
ठराव : भावनेत पडायचं नाही. नियमाने लढायचं. सिस्टीम विभागात एकवीस वर्षं काढलीत, नियम मला कोण शिकवणार?

५ मार्च
युजरचे प्रकार पुन्हा वाचले. डायलॉग युजर : माणसाने पासवर्ड टाकून लॉगिन करायचं, लायसन्स लागतं. सिस्टीम युजर : माणसाने लॉगिन करायचंच नाही. ठरलेली कामं आपोआप होतात, पासवर्डची मुदत कधीच संपत नाही.
९.४० ला हिचा प्रकार बदलला. डायलॉगचा सिस्टीम. दोन क्लिक.

६ मार्च
बाईंचा नवा मुद्दा : हा रिपोर्ट वाचतो कोण? यादीत मी एकटाच निघालो. बाकीचे म्हणे केव्हाच थेट स्क्रीनवर बघायला लागले. आळशी लेकाचे. संध्याकाळपर्यंत यादीत चौदा जण घातले.

७ मार्च
स्टोअरकीपर टेबलाशी येऊन उभा. साहेब, रागावू नका, म्हणाला, पण सकाळी सकाळी वहिनींचा मेल बघून माझ्या हातातला कप सुटला. मला वगळा. वगळलं. दुपारपर्यंत आणखी नऊ जण. लोक फार हळवे असतात. चौघे टिकले, तेवढे पुरे.

९ मार्च, रविवार
मेहुणी आली. भावोजी, ताईचं कपाट आता तरी आवरायचं का? म्हटलं, महिनाअखेर आहे, कामाचा ताण. ती म्हणाली, भावोजी, आज नऊ तारीख आहे.
बहिणी-बहिणी सारख्याच.

१२ मार्च
बाईंना चार पानी टिपण दिलं. ठासून लिहिलं : ‘या युजरचा कोणत्याही व्यक्तीशी संबंध नाही. निव्वळ तांत्रिक गरज.’ खाली सही, शिक्का. आता बोला म्हणावं.

१४ मार्च
जिंकलो. टिपण जसंच्या तसं मान्य! बाई म्हणाल्या, इतकं मुद्देसूद टिपण आजवर पाहिलं नाही. फक्त युजर आणि याद्यांमधले बदल आता त्या करणार. हरकत नाही.
बातमी सांगायला घाईघाईने स्टोअर्सच्या दारापर्यंत गेलो. मग आठवलं. आलोच होतो म्हणून नवीन रॅकची पाहणी केली. रॅक चांगले आहेत.

१७ मार्च, सकाळी ९.१०
रिपोर्ट आला. पाठवणारा : स्टोअर्स-सिस्टीम-०१.

९.२५
बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, व्यक्तीशी संबंध नाही हे तुम्हीच लिहून दिलंत ना? मग सिस्टीम युजरला माणसाचं नाव कसं चालेल? नियम बरोबर आहे. आमच्या विभागाला तो मीच शिकवलाय.
म्हटलं, मग असला रिपोर्ट मला नको. माझं नाव यादीतून काढा.
काढते, म्हणाल्या, पण यादीत तुम्ही एकटेच आहात. तुमचं नाव गेलं की रिपोर्ट बंद, युजरही बंद.
विचारलं, ते चौघे?
ते शनिवारीच गेले.
फोन कानाशी धरूनच रिपोर्ट खालपर्यंत सरकवला. नट, बोल्ट, वॉशर, सगळं पुरेसं. शेवटी : ‘काही कमी असल्यास लगेच सांगा, मागाहून कुरकुर नको.’
राहू द्या, म्हटलं. तांत्रिक गरज आहे.