बोर्डासमोर कडक इस्त्री

प्रिय अहो,

तुम्ही असताना कधी चिठ्ठी लिहिली नाही, पण आज हे दुसऱ्या कुणाला विचारू? दुपारी एसटी डेपोतले गजाननभाऊ आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "वैनी, डाक्टरायले शिव्या नोका देऊ. मेडिकल बोर्डासमोर तुमच्या मालकानं सोताच सांगतलं, मले काई तरास नाई, मी गाडी चालवतो."

खरं का हो हे?

तुम्ही गेल्यापासून मी अमरावतीच्या त्या डॉक्टरांनाच कोसते आहे. गळ्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला ड्रायव्हर हलकं काम मागायला गेला, अन् त्यांनी त्याला 'कामास योग्य' ठरवून परत धारणीच्या गाडीवर पाठवलं! तुमच्या आधी आत गेलेला तो माणूस आठवतो? दाढी वाढलेली, अंगावर चादर, दोघांच्या खांद्यावर भार. बाहेर आल्यावर पठ्ठ्या टपरीवर उभ्यानं कचोरी खात होता. त्याला बरं मिळालं हलकं काम!

आणि तुम्ही? अकोल्याहून निघताना गुळगुळीत दाढी, गणवेशाला कडक इस्त्री, वर बिल्ला. मी म्हटलं, "अहो, जरा आजारी दिसा!" तर म्हणालात, "सायबासमोर गबाळा जाऊ काय?" आत गेलात तसे बाहेर आलात. फाइल उघडली का, विचारलं तर नुसतं "हाव" म्हणालात. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

गजाननभाऊंवरही माझा भरवसा नाही. ते तर बाहेर माझ्याच शेजारी बसले होते, मग आतलं ऐकलं कसं? त्यांना कुणी पाठवलं तर नसेल?

पण ते बोलणं तुमचंच वाटतं, हीच पंचाईत आहे. केमो चालू असतानाही कुणी विचारलं की "मस्त आहो!" खरं सांगा, तुम्हाला हलकं काम नकोच होतं ना? टेबलाशी बसण्यापेक्षा धारणीचा घाट बरा वाटला? माझ्या वाट्याचे शेवटचे महिने तुम्ही त्या गाडीला दिलेत. फार राग येतो हो!

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ऑपरेशननंतर तुमची मान वळत नव्हती. मी मागून हाक मारली की अख्खं अंग फिरवून बघायचात. मला घरात दिसायचं ते एवढ्या शिकलेल्या लोकांना दिसलं नाही?

सोमवारी मी अमरावतीला त्या डॉक्टरांकडे जाते आहे. तुमचंच बोलणं त्यांनी पुढे केलं तर म्हणेन, "सायेब, ते तसंच सांगनार. तुमी त्यायले एकदा मागून हाक मारून पायली काय?" उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही, हा माझा शब्द.

तुमच्यावरही रागावलेली,
तुमची शालिनी