उताराला लावलेली गाडी

तात्या, तुमच्या नातीनं गाडीच्या टपावर बिऱ्हाड केलंय. ती माझ्या पोटात होती तेव्हाच तुम्ही गेलात, म्हणून आधी तिचंच सांगते. माझी एकुलती एक मुलगी. अवसरीच्या कॉलेजात इंजिनीअर झाली, तिथंच तिला तिचा नवरा भेटला, आणि दोघांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली, चारी चाकांना ओढ असलेली. वर्षभर आमच्या राजुरीच्या अंगणात त्या गाडीचं काम चाललं होतं. टपावर उघडमीट होणारा तंबू बसवला, त्याला शिडी. मागच्या हौद्यात पाण्याची टाकी, शेगडी, बसायला बाकडं. कडेला ओढून काढायची ताडपत्री, तिची सावली होते. चाक रुतलं तर खाली घालायच्या फळ्यासुद्धा बाजूला टांगलेल्या. या गाडीतून त्यांना पार हिमालयापर्यंत जायचं होतं, कुठं लॉजवर न उतरता, गाडीतच रांधून आणि गाडीवरच झोपून, चांगले काही महिने. असे जाणारे आता पुष्कळ आहेत, त्यांचे व्हिडिओ ती मला दाखवायची.

माझी धाकटी जाऊ चहाला आली की त्या शिडीकडं बघत म्हणायची, "चांगलं स्लॅबचं घर सोडून टपावर निजायचं! ह्यासाठी शिकिवली व्हय गं पोरगी?" मी म्हणायचे, "तिच्या आज्यावर गेलीय ती." तुम्हाला ओळखणारं आता इथं कुणी उरलं नाही, त्यामुळं जावेला पुढं काही बोलता यायचं नाही.

गाडी तयार झाली तरी दोघं निघेनात. त्याला कारण मी होते.

तुमचे जावई जाऊन आता बरेच दिवस झाले. त्यांची फुप्फुसं गेली होती. शेवटची दोन वर्षं खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन असायचं आणि रात्रभर त्याची घरघर चालायची. लाईट गेली की ते बंद पडायचं, मग मी उठून सिलेंडर लावायचा. म्हणजे तात्या, मला आवाजानं जाग यायची नाही, आवाज थांबला की यायची. ते गेले, जिथून आणलं होतं तिथं मशीन परत गेलं, आणि तो आवाज कायमचा थांबला. मग मी रोज रात्री उठून बसायला लागले. उठायचं, समोरच्या रिकाम्या खाटेकडं बघायचं, पाणी प्यायचं, परत पडायचं, परत उठायचं. रडत नव्हते. दिवसा सगळं नीट चाललं होतं. शेत बघत होते, वाचत होते, चार माणसांत हसत होते. नुसती झोप तेवढी गेली होती.

मुलीला ते कळलं तशी ती पुण्याची खोली सोडून आली. कॉम्प्युटरवरचं काम घरून करायला लागली आणि रात्री माझ्या शेजारी झोपायला लागली. मी उठले की तीही उठायची. सकाळी दोघींचे डोळे सारखेच लाल. हिमालयाचं काढलं की म्हणायची, "बघू गं, पुढच्या वर्षी." तिनं जावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि ती गेल्यावर रात्रीचं मी काय करणार, हेही मला कळत नव्हतं. शेवटी तिचा नवरा एक दिवस म्हणाला, "आई, आधी एक मुक्काम आमच्याबरोबर करा. गाडीची परीक्षा होऊन जाईल." गडी गुणाचा आहे. परीक्षा कुणाची, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या दिवशी भाकरीचं पीठ बांधताना मला तुमचीच आठवण येत होती. तुम्ही पाण्याच्या सर्व्हेच्या सरकारी जीपवर ड्रायव्हर. साहेब लोक विहिरी मोजत गावोगाव फिरायचे, तंबू टाकून राहायचे, आणि तुम्ही मागच्या सीटवर पाय दुमडून झोपायचात. तुम्ही घरी आलात की आई म्हणायची, "घरात रातभर कुशी बदलीत्यात, आन् त्या जीपमधी घोरत्यात म्हणं. घर टोचतंय का काय ह्यास्नी?" तुम्ही हसून मिशीवर हात फिरवायचात. तिला ते लागायचं, तात्या. मलाही लागायचं. मला वाटायचं, आमच्यात तुमचं मन लागत नाही.

आणि आणे गावाच्या पठारावरचा तो मुक्काम. माझी सातवी झाली होती आणि पुढची शाळा होणार नाही हे ठरलं होतं. आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलं. दिवस मावळतोय. साहेबांच्या तंबूतून मला एक मासिक मिळालंय, कव्हर फाटलेलं. तुम्ही चुलीपुढं बसून पिठलं घोटताय, पाठ माझ्याकडं. अंधारून येतं, अक्षरं दिसेनाशी होतात. मी गुपचूप जीपचा पुढचा दिवा लावते आणि त्याच्यासमोर दगडावर बसून वाचत राहते. तुम्ही वळून बघत नाही. जेवायला हाक मारता, मी जेवते, परत जाऊन बसते. गोष्ट संपते तेव्हा डोळे मिटत असतात. दिवा तसाच राहतो.

सकाळी जीप चालू होईना. साहेब घड्याळ बघायला लागले. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "हिनं बॅटरी पिऊन टाकली राव! पुस्तक पायजे म्हणं हिला!" मी मान खाली घातली. पण तुम्ही चाकाखालचा दगड काढला, वर बसलात, जीप उतारावरून आपोआप निघाली, आणि थोडं पुढं गेल्यावर धक्का खाऊन चालू झाली. कारण मुक्कामाला गाडी तुम्ही कायम तशीच लावायचात, उताराला, तोंड वाटेकडं करून. जागा कितीही चांगली असो, उतार नसला तर पुढं जायचात. त्यानंतरच्या बाजाराहून येताना तुम्ही एक स्टीलचा टॉर्च आणलात आणि काही न बोलता माझ्या मांडीवर टाकलात. पुढं तुम्ही कॅम्पावरून रद्दीतलं जे जे आणलंत, ते सगळं मी त्या टॉर्चवर वाचलं. माझी खरी शाळा तीच.

तर आम्ही निघालो. घोडेगाव सोडून डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेनं वर गेलो. पुढं रस्ता संपला, बैलगाडीची वाट लागली. गाडी एका अंगावर कलली की मी दाराचं कडं घट्ट धरायचे आणि पोरगी म्हणायची, "सोड गं, ते उपटून हातात येईल." एका म्हाताऱ्या बाबाला विचारून त्याच्या पडीक वावरात थांबायचं ठरलं. मी त्याला पहिलंच विचारलं, "बाबा, हितं बिबट्या हाय का?"

"हाय की."

"मग?"

"तुमी कुठल्या?"

"राजुरीच्या."

"मग भ्यायचं काम न्हाई. तुमच्याकडचा उसातला, माजलेला. आमचा डोंगरातला हाय, गरीब." आणि काठी टेकत निघून गेला.

पोरीनं गाडी दरीकडं तोंड करून लावली. म्हणाली, सकाळी डोळे उघडले की समोर पाणी दिसेल. मी शेगडी मांडली, भाकरी थापली, दोघांना वाढलं, पण माझं लक्ष सारखं गाडीच्या तोंडाकडं जायचं. शेवटी म्हणाले, "गाडी फिरवा."

"का गं? आपण काय चोरी करून आलोय? पळून जायचंय का?"

"तोंड वाटेकडं करा. आणि त्या तिकडं, उताराला."

"आई, तंबू उघडलाय, शिडी लावलीय, सगळं परत..."

"फिरवतो ना," माझा जावई उठत म्हणाला. "त्यात काय जातंय."

तंबू मिटला, गाडी फिरवली, चाकाखाली दगड घातला, तंबू पुन्हा उघडला. पोरगी फुगून बसली. समोर आता पाणी नव्हतं, नुसती बैलगाडीची वाट होती.

जावई मागच्या हौद्यात कानात बोळे घालून झोपला आणि आम्ही मायलेकी वर. पोरीला झोप लागली तशी मी शिडी उतरले. आमच्याकडं रात्रभर अंगणात दिवा आणि गोठ्यात रेडिओ चालू असतो, बिबट्या जवळ येऊ नये म्हणून. घरोघरी हेच. त्याशिवाय कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मी किल्ली अर्धी फिरवली, गाडीचा रेडिओ बारीक लावला, कडेचा मोठा दिवा लावला आणि वर येऊन पडले. खालून कुणीतरी खतांविषयी बोलत होतं. एवढंच मला आठवतंय.

जाग आली ती उन्हानं. तंबूचं कापड तापलं होतं. मी तशीच पडून राहिले, कारण आपण कुठं आहोत ते कळेना, आणि मधल्या वेळात आपण उठलो होतो का, तेही आठवेना. उठलेच नव्हते, तात्या.

खाली जावई गाडी चालू करत होता. नुसतं टक् टक् व्हायचं.

"आई, रात्री काही लावलं होतं का?"

"दिवा. आणि रेडिओ."

"रात्रभर?"

"मग? बिबट्या काय अर्ध्या रात्रीत ड्युटी संपवून घरी जातो व्हय?"

त्यानं डोक्याला हात लावला. बॅटरी जुनीच होती, नवी आणि तिच्या जोडीची दुसरी निघायच्या आधी घालायची होती. फोनला रेंज नव्हती. माझ्या कानात तुमचं ते ओरडणं आलं. साठीला टेकलेली बाई मी, आणि परत तेच करून बसले. मनात म्हटलं, झालं, परीक्षेचा निकाल लागला, आता ही पोरगी कुठंही जायची नाही.

तेव्हा ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसून केस बांधत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दिवा चालू आहे ते. मला मध्येच जाग आली. बॅटरी उतरणार हे कळत होतं. बंद करायला शिडीपर्यंत गेले होते मी." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू घोरत होतीस आई. लई घोरत होतीस. मग नाही केला बंद."

"अगं, मला तरी उठवायचंस!" जावई म्हणाला.

"तू गाडी चालू केली असतीस, ती उठली असती."

 मग मी म्हणाले, "दगड काढा आणि सेकंडला टाका." त्याला पुढं सांगायची गरज नव्हती, तो चटकन चढून बसला. गाडी हळूच सुटली, वाटेला लागली, धक्का खाल्ला, आणि गुरगुरली. पोरगी टाळ्या वाजवत मागं पळत सुटली. जावयानं खिडकीतून मान काढली, "दरीकडंच तोंड असतं तर?"

"तर वरून आजोबांना बोलवावं लागलं असतं," ती ओरडली.

परतीच्या वाटेवर दाराचं कडं मी धरलं नाही. माझ्या डोक्यात आण्याचं पठार होतं. त्या उघड्या माळावर जीपचा दिवा लागला तर पलीकडच्या गावातून दिसला असता. तुम्ही चुलीपाशी, हाकेच्या अंतरावर. मी इतकी वर्षं धरून चालले की तुमची पाठ होती म्हणून तुम्हाला दिसलं नाही. तात्या, तुम्ही बघितलं होतं ना? जीप उताराला आहे हे ठाऊक असल्यामुळं वाचू दिलंत ना मला? आणि सकाळचं ओरडणं साहेबांसाठी होतं. असंच असणार. नसलं तरी मी आता असंच धरून चालणार आहे.

घरी आल्यावर मी माझी खाट फिरवली. आधी तिचं तोंड तुमच्या जावयांच्या रिकाम्या खाटेकडं होतं, आता दाराकडं आहे. त्यांची खाट हलवली नाही, ती पाठीशी आहे. पहिले काही दिवस फरक पडला नाही. मग एका रात्री एकदाच उठले. मग एका रात्री उठलेच नाही. पोरगी शेजारी पडून माझ्यावर लक्ष ठेवत होती, तिला वाटायचं मला कळत नाही. नव्या बॅटऱ्या आल्या, आणि एका सकाळी दोघं निघाले. अंगणात गाडी आदल्या संध्याकाळीच फाटकाकडं तोंड करून लावलेली होती. तशी लावायला मी सांगितलं नव्हतं.

आता ती वर कुठंतरी बर्फात आहे. रोज रात्री जेवण झालं की फोन करते. परवा सकाळी जावेनं दार बडवलं, "अगं, जिती हाईस का? पोरगी तिकडं रडाय लागलीय, ईस येळा फोन केला म्हणं तिनं!"

"झोपले होते."

"झोपली व्हतीस?" जाऊ तोंडाकडं बघतच राहिली. "मग तसं सांग की तिला."

मी फोन लावला, सांगितलं.  मग ती म्हणाली, "घोरत होतीस का?" म्हटलं, "मला काय माहीत, ऐकायला तू कुठं होतीस?" तशी हसली. आज पुढच्या घाटात जाणार आहेत.

आईला जे लागायचं ते मला आता लागत नाही, एवढं सांगायला हे लिहायला बसले. घरी पडलात की आमची सगळ्यांची काळजी उशाशी असायची, तिकडं जीप वाटेकडं तोंड करून उभी असायची. माणसाला झोप लागली तर लागू द्यावी. हा कागद टाकायला पेटी नाही, मासिकांच्या गठ्ठ्यात ठेवून देईन. आणि एक सांगायचं राहिलं. तिचे फोन मला ऐकू आले नाहीत त्या रात्री अंगणातला दिवा लावायचं मी विसरले होते. रेडिओसुद्धा. बिबट्या आला असेल तर येऊन गेला, मला काही पत्ता नाही.