सासूबाईंची नजर

४ फेब्रुवारी
आईंना कळलंय. नक्की! सकाळी फुलवाती वळता वळता म्हणाल्या, "या महिन्यात तू देवघरात रोजच येऊन राहिली." बस, एवढंच. या घरात सुनेची पाळी चुकली की सुनेच्या आधी सासूला कळते!

त्या आलोकला सांगतील. तो बडा फुहाऱ्याच्या बाजारातून किलोभर पेढे आणेल. मग कोण नवऱ्यापुढे माझं ऐकणार? दुर्वा आठ महिन्यांची. सिझेरियनचा टाका अजून ओढतो. मला हे मूल नको आहे. नको म्हणजे नको.

५ फेब्रुवारी
विजय नगरच्या मेडिकलमध्ये पाडायच्या गोळ्यांचं विचारून पाहिलं. भैयाने डॉक्टरची पर्ची मागितली — ते बरोबरच. पण वर म्हणतो, "दीदी, पति को भेज दीजिए." नवऱ्याचं काय काम? तो आलोकला ओळखतो. त्याच्या पोटात काही राहील असं वाटत नाही.

७ फेब्रुवारी
बँकेतून सुटल्यावर परस्पर नेपियर टाउनच्या दवाखान्यात. बाई डॉक्टर. सोनोग्राफी केली. म्हणाल्या, सहा आठवडे झालेत, गर्भ जागेवर आहे, गोळ्यांनी होईल. नवऱ्याची सही? मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्या हसल्या — "कायद्यानं तुमचीच लागते. आणि मी कुणाला सांगणार नाही."

सगळे असंच म्हणतात! रिसेप्शनवरच्या पोरीनं आडनाव वाचलं आणि विचारलं, "आप भी मराठी?" झालं. जबलपुरात मराठी माणूस फिरून फिरून नात्यातलाच निघतो.

पहिली गोळी तिथंच घेतली. बाकीच्या परवा घरी. पोटात कळा येतील, रक्त जाईल, घाबरायचं नाही. पण तासाला दोन पॅड भिजले आणि असं दोन तास चाललं, तर घरात बसायचं नाही, निघून यायचं.

ऑटोत रडले. वाईट वाटून नाही. सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

८ फेब्रुवारी
आलोक काहीच विचारत नाही. काहून?

९ फेब्रुवारी
आज कहरच झाला. सकाळी आलोक म्हणत होता, संध्याकाळी साहेबांकडे जेवायला जाऊ. मी तोंड उघडायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तिची अडचण आहे. तू एकटा जा. दुर्वा माझ्यापाशी झोपेल."

अडचण? एक थेंब नाही अजून! गोळ्या पर्समध्येच आहेत. यांनी पर्स पाहिली का? की मला गाफील ठेवून रंगेहाथ पकडायचंय? आलोक मुकाट्यानं गेला. त्याला आधीच सांगितलं असेल तर?

आता दार लावून घेते. जे व्हायचं ते होऊ दे.

१० फेब्रुवारी
झालं. कळा खूप आल्या, पण सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसंच. फोन केला तर म्हणाल्या, ठीक आहे, पंधरा दिवसांनी तपासायला या.

दुपारी आई गरम पाण्याची पिशवी घेऊन आत आल्या. दार लोटलं. मी भांडणाच्या तयारीतच होते.

"डॉक्टरकडेच गेली होती ना?"

मी हो म्हटलं.

"मग बरं. मी दाईकडे गेली होती. आलोक वर्षाचा होता. पुन्हा दिवस राहिलेच नाहीत."