दुसरी घागर

मास्तर,

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी एका तंबूत बसून वरून पाणी ओतवून घेतले. या वाक्याचा अर्थ ज्यांना कळला असता अशी माणसे आता उरलेली नाहीत, म्हणून आपल्याला लिहितो आहे. हात थकला आहे. दोन ओळी लिहिल्या की डोळे मिटून बसावे लागते. तरीही लिहितो, आणि शुद्ध लिहितो. शिक्षण चौथीपर्यंतच झाले असले तरी माझा तो हट्ट आपल्याला ठाऊक आहे. आपल्या तंबूंच्या कारखान्याच्या पाटीवरचे 'शिवुन' मी शिडी लावून 'शिवून' केले होते, तेव्हा आपण खालून म्हणाला होता, "उकार लांब केलास ते ठीक. टाका तेवढा लांब घालू नकोस म्हणजे झालं." शाळेने मला चौथीत सोडले आणि आपण पाचवीत घेतलेत, असे आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असा. त्या पाचवीतून मी कधी पुढे गेलो नाही. जावेसे वाटलेही नाही.

आपल्या अंगणातला रिवाज मला अजून जसाच्या तसा दिसतो. तंबू शिवून झाला की तो अंगणात उभा करायचा, तणावे ओढायचे, मेखा ठोकायच्या. मग ज्याने शिवला त्याने आत जाऊन बसायचे आणि आपण शिडीवर चढून वरून घागर ओतायची. एक नव्हे, दोन. पहिली घागर कापडाची, दुसरी शिवणाऱ्याची. पहिल्या पाण्याने कॅनव्हासचा दोरा फुगतो आणि आपली छिद्रे आपणच बुजवतो, म्हणून तेव्हा पडलेला थेंब माफ असे. दुसऱ्या घागरीला माफी नव्हती. एक थेंब आला तरी सबंध शिवण उसवायची, आणि ती उसवायचीही शिवणाऱ्यानेच.

माझा पहिला तंबू. मी आत मांडी घालून बसलो आहे. कापड ओले होऊन काळपट पडले आहे आणि दुसऱ्या घागरीचे पाणी डोक्यावरून भदाभदा वाहते आहे. एकही थेंब नाही. मला राहवत नाही. शिवणीच्या खाली ओल आली आहे का ते पाहावे म्हणून मी कापडाला एक बोट लावतो, आणि नेमके त्याच जागी पाणी जमते, बोटावरून मनगटापर्यंत येते, मग थांबतच नाही. आपण शिडीवरून उतरून आत डोकावलात. माझे बोट अजून तिथेच होते. "तंबू गळत नव्हता," आपण म्हणालात, "तू गळवलास. ओल्या कापडाला आतून हात लावायचा नाही, हे सांगितलं होतं ना? विश्वास नव्हता तर शिवलास कशाला?" त्या दिवशी मी धड असलेली शिवण उसवून पुन्हा घातली. पुढे दसऱ्याला आपण आपले जुने दाभण आणि तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा माझ्या हातावर ठेवलात आणि वर म्हणालात, "बोटं आवर, मग हे वापर."

आपण गेलात आणि थोड्याच वर्षांत बाजार खुला झाला. आधी निळे प्लास्टिक आले, मग नायलॉन, मग बाहेरच्या देशांतला तयार माल. आपल्या अंगणाच्या जागी आता काचेची इमारत आहे. काच शिवावी लागत नाही. मी काही दिवस ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या, रिक्षांचे हुड शिवले, आणि शेवटी धूळ बसू नये म्हणून संगणकावर घालतात ती आवरणे शिवली. ते काम मी घरी कधी बोलून दाखवले नाही. मी कोथरूडला मुलाच्या सदनिकेत राहायला गेलो तोवर माझे शिवणकाम संपले होते. नात मोठी झाली आणि खराडीला त्याच यंत्रांवर काम करू लागली. तिच्या यंत्राला आवरण लागत नाही. ते ती पाठीवरच्या पिशवीतून घेऊन हिंडते.

ही नात सुट्टीच्या दिवशी घरी सापडत नाही. आधी किल्ले, मग सुळके, मग उत्तरेत जाऊन बर्फावर चालण्याचे रीतसर शिक्षण. या वर्षी तिच्या चमूने हिमाचलातले एक बर्फाचे शिखर ठरवले. मुलगा म्हणाला, "बघा तुम्ही मायलेकी." सून जेवताना पाने वाढत होती. तिने वर न पाहता सांगितले, "जायचं तर जा. पण तंबू आबांनी पसंत केला तरच." सर्वांना अर्थ कळला. या घरात आल्यापासून मी एक पडदासुद्धा पसंत केलेला नाही, हे तिनेच चार पाहुण्यांत अनेकदा ऐकवले आहे. नात म्हणाली, "आई, सरळ नको म्हण ना." सून म्हणाली, "मी कुठं नको म्हटलंय?" दुसऱ्या दिवशी चहा देताना ती माझ्याजवळ थांबली. "आबा, माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. एकुलती एक आहे हो. तुम्हाला नाही म्हणायला काय कठीण आहे? तुम्ही नेहमीच म्हणता." मी चहा पीत राहिलो. ती टोमणा मारत नव्हती, विनवीत होती.

दुकानात नात मला रिक्षाने घेऊन गेली. गार हवेच्या दालनात, गालिच्यावर तंबू उभे केलेले. दुकानदार पन्नाशीचा गृहस्थ, स्वतः बर्फात राहून आलेला. त्याच्या डाव्या करंगळीला पुढचे पेर नव्हते. मी विचारले नाही. नातीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे पाहिले, आणि ही गोष्ट घरी सांगायची नाही हे न बोलता ठरले.

"बसा आजोबा, खुर्ची देतो."

"मी तंबू पाहायला आलो आहे. खुर्ची घरी आहे."

तो हसला. नातीने कपाळाला हात लावला. पहिला तंबू हलका आणि देखणा होता, पण आतला पडदा जाळीचा. मी म्हणालो, "ही मच्छरदाणी आहे. बर्फात डास असतात का?" दुकानदार म्हणाला, "बरोबर पकडलंत. हा उन्हाळ्यातला. वारा सुटला की भुरभुर बर्फ जाळीतून आत येतो." दुसरा तंबू त्याने खास आमच्यासाठी उघडला. आतला पडदा सलग कापडाचा, बाहेरचे छत थेट जमिनीपर्यंत उतरलेले आणि त्याला खाली आणखी एक झालर. झालरीवर बर्फ रचला की वारा आत शिरत नाही, असे तो म्हणाला. काठ्या ॲल्युमिनियमच्या, एकमेकींना चार-पाच ठिकाणी छेदणाऱ्या, म्हणजे एकीवर भार आला तर बाकीच्या तो वाटून घेतात. भिंती उभट, बर्फ साचून न राहता घसरावा म्हणून. दारापुढे बूट ठेवायला छोटी ओसरी.

मी खोट शोधू लागलो. ते माझे कामच होते, आणि यावेळी कामापेक्षा अधिक काही होते. मी शिवणीवरून नख फिरवले. दुहेरी दुमडलेली, वर आतून पट्टी चिकटवलेली. मी वरची झडप दाखवून म्हणालो, "थंडीचा तंबू आणि छताला खिडकी? सगळे बंद नको का?" तो म्हणाला, "तीच चूक सगळे करतात, आजोबा. सगळं बंद केलं की श्वासाची वाफ कापडावर गोठते. सकाळी तोंडावर हिम पडतं, झोपायच्या पिशव्या भिजतात. आणि आत कुणी स्टोव्ह पेटवला तर माणूस झोपेतच जातो. झडप उघडी हवीच." मला आपण आठवलात. लष्कराच्या तंबूंना माथ्याजवळ आपण झरोका ठेवत असा आणि म्हणत असा, "आत माणूस राहणार आहे, लोणचं नाही." मी तेव्हा समजलो होतो की तो उन्हाळ्याकरता आहे.

शेवटी मी म्हणालो, "रंग फार भडक आहे. हा नारिंगी डोळ्यांना टोचतो."

"तो मुद्दाम तसा असतो," दुकानदार म्हणाला. "बर्फात सापडायला."

नात बुटाची नाडी बांधू लागली. ती सुटलेली नव्हती.

"पाणी ओतल्याशिवाय मी सांगू शकत नाही," मी म्हणालो. मला वाटले, इथे विषय संपेल. दुकानदार मात्र आत जाऊन त्याच बनावटीचा, वापरलेला एक तंबू घेऊन आला. "हा भाड्याने देतो मी. बर्फात जाऊन आलाय. हाच न्या, हवं तेवढं पाणी ओता. पसंत पडला तर हाच घेऊन जा."

रविवारी आम्ही तो गच्चीवर नेला. नातीने तो एकटीने उभा केला, आणि तेही हातांत जाड लोकरी मोजे घालून. पुण्याच्या उन्हात कपाळावरून घाम ओघळतो आहे आणि ही मोज्यांतल्या बोटांनी काठी नळीत सरकवते आहे. मी म्हणालो, "मोजे काढ ना." ती म्हणाली, "तिथं काढता येणार नाहीत, आबा." सोसायटीचे चिटणीस टाकी बघायला वर आले आणि बादल्या पाहून थांबले. "वा, आजोबा. इथं एक दिवसाआड पाणी, आणि तुम्ही तंबूला अंघोळ घालताय? साबण आणून देऊ का?" मी त्यांना सांगितले की साबणाने शिवणीचे नुकसान होते. ते निघून गेले.

मग प्रश्न आला, आत कोणी बसायचे. ज्याने शिवला तो कोण, कुठल्या देशात आहे, कोणास ठाऊक. पट्टीवर नाव कंपनीचे असते, हाताचे नसते. नात म्हणाली, "मी बसते. मीच झोपणार आहे त्यात." मी म्हणालो, नाही. ज्याने शिवला तो नसेल, तर जो हमी देणार त्याने बसायचे. गुडघे धरत मी आत शिरलो. सून जिन्याच्या दाराशी हाताची घडी घालून उभी होती. आत सगळा नारिंगी उजेड. पहिली बादली पडली. कॅनव्हासवर पाणी पडते तसा आवाज नाही. वर कोणी तांदूळ निवडत असल्यासारखा, आणि लगेच सगळे वाहून जाते. या कापडाला फुगण्याची गरज नाही, तेव्हा पहिल्या घागरीलाही अर्थ नाही. तरी मी आतून ओरडलो, "दुसरी!" दुसरी बादली पडली. एकही थेंब आला नाही.

बाहेर आलो तेव्हा नात रिकामी बादली छातीशी धरून उभी होती. सूनबाईने विचारले, "झालं? पसंत?"

"चालेल," मी म्हणालो.

"नीट पाहिलंत ना, आबा?"

"नीट पाहिले."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"सांगितले होतेस. पण विचारले होतेस तंबूबद्दल. तंबू उत्तम आहे. खोटे मला सांगता येणार नाही."

ती म्हणाली, "तुमचं आयुष्यभर हेच, आबा. कापडाशी कधी खोटं बोलणार नाही. माणसं काय, उसवली तरी चालतात." आणि खाली निघून गेली. नातीने मला मिठी मारली. तिचे मोजे घामाने ओले झाले होते.

निघायच्या आधी नात स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवून पाहत होती. सगळा भार पाठीवर न्यायचा असल्याने तिने दात घासण्याच्या ब्रशची दांडी करवतीने अर्धी कापली. कंगवा काढून ठेवला. मी आपले दाभण, मेण लावलेला थोडा दोरा आणि तो पट्टा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो की नको असेल तर राहू दे, आता चिकटपट्ट्या मिळतात. तिने पट्टा तळहाताला बांधून पाहिला. दाभण काट्यावर ठेवले, आकडा पाहिला, आणि तिन्ही वस्तू पिशवीत घातल्या.

आता ती वर आहे. फोन लागत नाही. सून रोज सकाळी फोनवर तिथली हवा पाहते आणि मला मोठ्याने वाचून दाखवते. "उणे बारा, आबा. चालेल ना?" मी वर्तमानपत्र पुढे धरतो. अक्षरे दिसत नाहीत. काल तिने आकडा वाचला, पण पुढचा प्रश्न विचारला नाही. माझ्याशेजारी येऊन बसली, आणि आम्ही दोघे बराच वेळ त्या फोनकडे पाहत राहिलो. मी फार थकलो आहे, मास्तर. वय हे एक कारण आहे, पण तेवढेच नाही.

हा कागद कुठे टाकायचा नाही. दाभणाचा पत्र्याचा डबा रिकामा झाला आहे, त्यात घडी करून ठेवीन. एक गोष्ट मात्र मी गच्चीवर कोणाला सांगितली नाही, आणि आपल्यापासून लपवणे शोभणार नाही. दुसरी बादली पडत असताना मी आतल्या पडद्याची चेन उघडली, हात बाहेर काढला आणि बाहेरच्या ओल्या छताला आतून बोट लावले. ओल आली आहे का ते पाहण्यासाठी नव्हे. गळावे म्हणून. जीव एकवटून दाबून धरले, मास्तर. बोट कोरडेच राहिले.