सी विभाग, नववी ओळ, जागा तीन आणि चार

वेस्कॉट, कॅन्सस
शनिवार, २९ जून २०२४
सकाळी सात वाजून वीस मिनिटं

प्रिय गेलनदादा,

तू आणि घरची मंडळी बरी असाल असं धरून चालतो. आम्हीही तसे बरे आहोत.

मी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर बसून लिहितो आहे. आत्ताच काट्याची काच पुसली आणि कालच्या पावत्या क्रमाने लावल्या. गव्हावरचं दव उतरेपर्यंत कोणी कापणीला हात लावत नाही, म्हणजे दहापर्यंत ट्रक यायचा नाही. माझ्याकडे दोन तास चाळीस मिनिटं आहेत. यंदा गहू बरा आहे, पाऊस वेळेवर थांबला. पेनरकाकूंनी परवा बिअरॉकचे भरलेले पाव पाठवले होते. कोबी जास्त आणि खिमा कमी, पण बाबांनी दोन खाल्ले.

तुला कॉलेजकडून एक निळं पाकीट येईल. हे पत्र त्याच्या आधी पोचायला हवं. ते पाकीट आलं की फाडून टाकू नकोस आणि लगेच फोनही करू नकोस. का, ते क्रमाने सांगतो, नाहीतर माझ्याकडून काहीतरी सुटेल.

हॉस्टेटलर काल निवृत्त झाले. हे नाव तुला वाचायला आवडणार नाही हे मला माहीत आहे, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. गावात महिनाभर दुसरा विषय नाही. रोज काट्यावर ट्रकांची रांग लागते आणि इंजिनं बंद करून लोक त्यांचा हिशेब मांडतात. ऑर्विल पेनर खिडकीतून डोकं काढून ओरडतात, "सव्वीस वर्षं क्रीडा संचालक, आणि खात्यावर एका डॉलरचं कर्ज नाही! दाखव दुसरा असा!"

मागच्या ट्रकातून ड्वेन फ्रीझन म्हणतो, "कर्ज कसं होईल? सगळे प्रशिक्षक त्याच्याच चर्चमधले. पगाराऐवजी भोपळ्याचा केक देत असेल."

"तू गप रे. गळकं छप्पर होतं तिथे नवं क्रीडागृह उभं केलं त्याने."

"क्रीडागृह उभं केलं आणि कुस्तीचा संघ कायमचा बसवला."

मग दोघांना मी दिसतो. दोघंही एकदम गव्हाच्या ओलाव्याबद्दल बोलायला लागतात.

त्यांच्या जागी कीटन नावाचा माणूस येतो आहे, अडतीस वर्षांचा. ड्वेन म्हणतो, तो आधीच्या कॉलेजात तिकिटांचे भाव विमानासारखे रोज बदलायचा. ऑर्विलकाका म्हणाले, "विमान निदान कुठेतरी पोचवतं तरी."

आता बाबांचं. जानेवारीत त्यांना वृद्धनिवासात ठेवलं हे मी तुला कार्डावर कळवलं होतं. तिथे ते स्वस्थ बसत नाहीत. कोट शोधत फिरतात, कोट दिला की टोपी शोधतात. फक्त बास्केटबॉलच्या सामन्याला नेलं की सगळं थांबतं. चाकांचा वॉकर बाजूला ठेवून ते नवव्या ओळीत, वर्षाची वर्गणी भरून राखलेल्या जागा तीनवर बसतात, खिशातून पेन्सिल काढतात आणि प्रत्येक फाउल मांडतात. मार्चमधल्या शेवटच्या सामन्यात त्यांची एकही खूण चुकली नव्हती, मी पेपराशी ताडून पाहिलं. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नव्हतं.

जागा चारवर मी असतो. ती तुझी जागा. कुस्ती बंद झाली त्या वसंतात तू जेवणाच्या टेबलावर म्हणालास, "माझी कुस्ती बंद करणाऱ्याला तुम्ही याच आठवड्यात पैसे भरलेत?" आणि गेलास, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पुढच्या सामन्याला बाबांनी मला नेलं आणि एवढंच म्हणाले, "जागा रिकामी ठेवायची नसते." तेरा वर्षं मी तिथे बसतो. गेल्या हिवाळ्यापासून ते मला तिथे गेलन म्हणतात. आधी मी दुरुस्त करायचो. आता करत नाही.

आता माझी चूक. मार्चमध्ये जागांच्या नूतनीकरणाचा अर्ज आला. त्यात छापलं होतं की खातेदाराने स्वतः सही करावी. बाबांना सही जमेना. मी तीन दिवस विचार केला, शब्दकोशात एकेक शब्द तपासला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: "खातेदार आजारामुळे सही करू शकत नाहीत. कृपया मुलाचं नाव लावावं." सोबत चारशे डॉलरही पाठवले.

वीस मेला उत्तर आलं. खातं फक्त पत्नीच्या किंवा पतीच्या नावावर करता येतं. आई तर हयात नाही. मुलगा म्हणजे नवा ग्राहक. चांगली जागा मिळवून देणारे एकतीस वर्षांचे जमलेले गुण शून्य झाले. आमच्यासाठी सर्वांत वरच्या माळ्यावर, खांबामागे दोन जागा होत्या. तिथे जायला चौपन्न पायऱ्या आहेत. मी चढून मोजल्या.

मी दहा जूनला हॉस्टेटलर साहेबांकडे गेलो. ते खोकी भरत होते. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"तुला हे लिहून द्यायला कोणी सांगितलं?"

"अर्जात विचारलं होतं, साहेब."

"अर्जात विचारलं म्हणून? अरे पोरा, नवव्या ओळीतली निम्मी माणसं दफनभूमीत आहेत. त्यांची मुलं पैसे पाठवतात, नाव तेच राहतं, मी तिकडे बघत नाही. तुझ्या बाबांना मी सांगितलं होतं, पैसे पाठवत जा आणि बाकी काही कळवू नका."

"मला त्यांनी हे सांगितलं नाही."

"विसरले असतील," ते म्हणाले आणि पुढचं खोकं ओढलं.

मी विचारलं, काही करता येईल का. ते म्हणाले, "कागद एकदा आत गेला की माझं चालत नाही. आजवर सगळं तोंडी चालवलं, लिहून काहीच ठेवलं नाही. सुटलेल्या जागांवर पहिला हक्क माजी खेळाडूचा असतो, एवढं एकच लिहिलेलं आहे. अठ्ठावीस जूनपर्यंत, त्याच्या स्वतःच्या सहीने." मग खोक्याची चिकटपट्टी ओढत म्हणाले, "तुझा भाऊ. एकशे सत्तावन्न पौंडांचा गट. त्या कुस्तीच्या संघातल्या अठ्ठावीसही पोरांची वजनं मला पाठ आहेत." याच्यापुढे मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे तू ठरव.

तुला मी अकरा, चौदा आणि एकोणीस जूनला फोन केला. तिन्ही वेळा फक्त "सहज केला होता" असा निरोप ठेवला. खरं कारण सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि नाही ऐकल्यावर मला पुढे काही करता आलं नसतं. हे आत्ता लिहिताना कळतं आहे. तेव्हा वाटलं होतं की मी तुला त्रास देत नाही.

काल शुक्रवारी पावणेपाचला मी तिकीट कार्यालयात गेलो आणि त्या अर्जावर तुझं नाव लिहिलं. सहीसुद्धा तुझी केली. तुझ्या जुन्या कार्डांवरून चौदा वेळा गिरवली होती. पत्ता मात्र मी खरा लिहिला, ऑरेगनचा. खोटा पत्ता लिहायला माझा हात होईना. म्हणून तिकिटांचं ते निळं पाकीट तुझ्याकडे येतं आहे.

खिडकीतल्या मुलीने ओळखपत्र मागितलं. मी म्हटलं, गाडीत राहिलं. ती म्हणाली, "मग आणा ना, दादा." मी खिसे चाचपत तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात हॉस्टेटलर हातात टेबलावरचा दिवा घेऊन बाहेर पडत होते, शेवटचंच सामान ते. थांबले. मला ते पाळण्यातला असल्यापासून ओळखतात.

"काय रे गेलन!" ते मोठ्याने म्हणाले. "वजन वाढवलंस की! आता एकशे सत्तावन्नात तुला कोण घेईल?"

मुलगी हसली आणि तिने शिक्का मारला. ते माझ्याकडे न बघता पाठीनेच दार ढकलून गेले. संचालक म्हणून त्यांनी केलेलं शेवटचं काम ते.

काट्यावर लोक आजही त्यांचा हिशेब मांडतील आणि मला विचारतील. मी काय सांगू? काल जे घडलं ते कोणाला सांगता येत नाही, आणि ते सोडून जे सांगायचं ते अर्धवट होतं. तुझ्याबाबतीत जे झालं त्याची यातून भरपाई होते, असं मी म्हणत नाही. तुझं नाव त्यांच्या तोंडी आलं आणि मी ओ दिली, याचीच मला जास्त लाज वाटते.

सोमवारी कीटन येतील. तू एक फोन करून "ही सही माझी नाही" म्हणालास तर ते खरंच असेल. मी नाकारणार नाही. पहिला सामना चार नोव्हेंबरला आहे. तोवर रोज फोन वाजला की मला वाटेल, कॉलेजचाच. काल संध्याकाळी बाबांनी कोट घालता घालता विचारलं, "गेलन, तिकिटं आली का?" मी हो म्हटलं.

पैशांचं लिहून ठेवतो, म्हणजे तुझ्या नावावर काही चढलं असं वाटायला नको.

माजी खेळाडूची वर्गणी, दोन जागा: ६४० डॉलर, भरले.
मार्चमध्ये भरलेले: ४०० डॉलर, परत येणं आहे.
या पत्राची टपाल तिकिटं: १ डॉलर ३६ सेंट.
देणं: ऑर्विलकाकांना २०० डॉलर, वर्गणीसाठी उसने घेतलेले.
तुझ्या नावावर: काही नाही.

तुझा धाकटा भाऊ,
ब्राइस उनरू
(ही सही माझी आहे.)